पदवीचा प्रबंध आणि घरची माणसे

‘प्रबंध’ हा शब्द कानी पडला म्हणजे आपल्या घरांतून दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. काही वडीलधाऱ्यांस वाटते की, संशोधन हे पंडितांचे काम. विशीतल्या मुलामुलींनी आधी पुष्कळ वाचावे, लिहिण्याची घाई करू नये. दुसऱ्या काहींस ती विद्यापीठाची एक कोरडी मागणी वाटते. चार पुस्तकांतून साठ पाने उतरवून काढावी, वर सुबक बांधणी करावी, की सुटका झाली. यांतला पहिला समज निदान विद्येचा मान राखणारा आहे. दुसऱ्यामुळे मात्र तयार प्रबंध विकणारी दुकाने चालतात, आणि ती चालतात याची खंत कोणास वाटेनाशी झाली आहे.

हा विषय आज घरोघरी निघण्याचे कारण असे की, कलाशाखेच्या पदवीची रचनाच पालटली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० श्रेयांकांची झाली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते, व अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहिता येतो. ही सोय प्रत्येक महाविद्यालयात असतेच असे नाही, म्हणून चौकशी आधी करावी. ‘आणखी एक वर्ष कशाला?’ असे विचारणाऱ्या आजोबांनी एवढे ध्यानात घ्यावे की, या चौथ्या वर्षानंतर एम. ए. एका वर्षात होऊ शकते. म्हणजे वर्ष वाया जाते असे नव्हे.

आमच्या मराठवाड्यात या गोष्टीस एक निराळेच महत्त्व आहे. निजामी अमदानीत १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. पुढे १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि १९९४ साली नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन परभणी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. विद्यापीठ इतके जवळ आले. पण अभ्यासाचे विषय मात्र अजून दूरचेच निवडले जातात. 

उदाहरणादाखल राणीसावरगावची एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणू. गंगाखेड तालुक्यातले हे गाव रेणुकादेवीच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीस परिचित आहे. मुलगी मराठी विषय घेऊन चौथ्या वर्षास बसली असून तिने मार्गदर्शकांपुढे विषय ठेवला, ‘मराठवाड्यातील लोकसाहित्य : एक अभ्यास’. मार्गदर्शक जाणता असेल तर तो हा कागद हसून परत करील. आठ जिल्ह्यांचे लोकसाहित्य एका वर्षात कोण अभ्यासणार? मार्गदर्शकाचे पहिले काम विषय देण्याचे नसून विषय छाटण्याचे असते. आधी लोकसाहित्यातून जात्यावरच्या ओव्या तेवढ्या राहतात, मग एक गाव राहते, आणि शेवटी एक प्रश्न उरतो. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी, आणि जनीबरोबर दळू लागणारा विठ्ठल कोणास ठाऊक नाही? तर मग राणीसावरगावच्या बारा वृद्ध स्त्रियांस ज्या ओव्या आज आठवतात, त्यांत जनी येते का, आणि आली तर ती संत म्हणून येते की आपल्यासारखीच एक राबणारी बाई म्हणून? एवढा प्रश्न एका वर्षास पुरून उरेल.

यासाठी पाया तयार आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला. पुढे पुण्यास हेमा राईरकर व गी पॉइटवँ या दांपत्याने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांच्या साह्याने पुष्कळ ध्वनिमुद्रणही झाले. ज्या स्त्रीने ओवी गायिली तिचे नाव आणि गाव या संग्रहात जपले गेले, हा त्याचा विशेष. तिला ‘अज्ञात लोककवयित्री’ म्हणून मोकळे होण्याची जुनी सवय येथे सुटली.

याच संग्रहात शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या स्त्रियांनी गायिलेल्या बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या आहेत. आमच्या वाचक कुटुंबांनी येथे थोडे थांबावे. आपल्या आजीच्या तोंडच्या ओव्या गोड असतात खऱ्या, परंतु त्या म्हणजे गावच्या ओव्या नव्हेत. प्रबंध करणाऱ्या मुलीने फक्त आपल्याच आळीत बसून बारा नावे भरली, तर तिच्या प्रश्नाचे उत्तर आरंभीच ठरून गेले. तिला गावाच्या सर्व वस्त्यांत जावे लागेल, दिलेला चहा घ्यावा लागेल, आणि घरी परतल्यावर त्यावरून कोणी तोंड वाकडे करता कामा नये. घरच्यांची अडचण असेल तर ती विषय ठरण्यापूर्वीच बोलून टाकावी. निम्म्या कामात मुलीचे पाय ओढू नयेत.

कामाची रीत साधी, पण चिकाटीची आहे. आधी परवानगी मागावी. कोणास नाव छापणे नको असेल तर तिला क्रमांक द्यावा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे व त्याच रात्री ते उतरून काढावे, कारण आठ दिवसांनी अर्धे शब्द लागत नाहीत. बाई ‘इठ्ठल’ म्हणाली तर ‘इठ्ठल’च लिहावे, शुद्ध करून ‘विठ्ठल’ लिहू नये. तीच ओवी दुसरीने निराळी म्हटली तर दोन्ही ठेवाव्या. पिठाची गिरणी आल्यापासून जाते बहुधा लग्नातल्या हळदीपुरते पुढे येते, तेव्हा ही ओवी शेवटची केव्हा म्हटली, हेही विचारून घ्यावे. कित्येक जणींस जात्याची मूठ हाती आल्याशिवाय चालच आठवत नाही. अशा वेळी माळ्यावरचे जाते खाली काढण्यात एक सकाळ गेली तरी ती कामीच आली.

आणि मूळ वह्या जपाव्या. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बीडकडे मिळालेल्या जुन्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. पुढे ती पोथी अभ्यासकांच्या दृष्टीस पडली नाही, आणि तिच्याविषयीचा वाद मिटण्याचे साधनच उरले नाही. जेथे राजवाड्यांच्या शब्दासही पुराव्याची गरज पडते, तेथे आपल्या विद्यार्थिनीने ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती ठेवलेल्या बऱ्या.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. समजा, बारा जणींच्या ओव्यांत जनी फारशी आलीच नाही. भाऊ आला, माहेर आले, सीतेचा वनवास आला, जनी दोन ठिकाणीच आली. मुलगी घाबरते. जनाबाईंच्या तालुक्यात असे कसे लिहावे? येथे इरावती कर्वे यांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. १९२८ साली मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी चित्पावन ब्राह्मणांवर एम. ए. चा प्रबंध लिहिला, म्हणजे विषय आपल्या घरातलाच घेतला. तेथून त्या बर्लिनला गेल्या. तेथील गुरू ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेचे पुरस्कर्ते. कवट्यांच्या ठेवणीवरून वंशावंशांतला भेद दिसावा अशी त्यांची अपेक्षा होती; इरावतीबाईंच्या मोजमापांतून ती खरी ठरली नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. जनी दोन ठिकाणीच आली असेल तर दोन असेच लिहावे. का आली नसेल, याचा विचार हेच शेवटचे प्रकरण. परीक्षक सुज्ञ असेल तर तेच आधी उघडील.

राहता राहिला वेळेचा हिशेब. प्रत्यक्ष कामाच्या एका श्रेयांकास तीस तास धरले तर बारा श्रेयांकांचे ३६० तास होतात. एकत्र कुटुंबात मुलगा पुस्तक घेऊन बसला की ‘अभ्यास चालला आहे’ म्हणून घर हळू बोलते. मुलगी बसली की तीस पाहुण्यांच्या चहासाठी, धाकट्याच्या वेणीसाठी, देवाच्या फुलांसाठी तासाभरात चार वेळा उठविले जाते. हे कोणी दुष्टपणाने करीत नाही. ती समोर दिसते म्हणून तिला हाक जाते. मार्गदर्शक आठवड्यातून अर्धा तास देईल, उरलेले तास घरानेच द्यावयाचे आहेत. रोजचे दोन तास ठरवून काकू-आत्यांनी ते सांभाळले, तर सहा महिन्यांत ३६० भरतात. आणि काकू-आत्यांपैकी एखादीस ओव्या येत असतील तर बारांतले एक नाव घरातच मिळेल; फक्त तिलाही परवानगी विचारावी, आणि ‘आमचीच तर आहे’ म्हणून तिचे नाव, वय व तारीख लिहावयाचे राहू देऊ नये.