क्वार्टरबॅकचे पाय पाळण्यात

२०२४च्या मोसमाआधी अमेरिकेत फँटसी फुटबॉल खेळणाऱ्यांपुढे एक प्रश्न होता: केलेब विल्यम्स घ्यावा की जेडन डॅनियल्स? दोघेही क्वार्टरबॅक, दोघेही कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले. एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, संघांनी आपला कौल आधीच दिला होता. शिकागो बेअर्सने विल्यम्सला पहिल्या क्रमांकावर उचललं होतं, तर वॉशिंग्टन कमांडर्सने डॅनियल्सला दुसऱ्या. मोसम संपला तेव्हा विल्यम्सच्या फेकींचे ३,५४१ यार्ड झाले होते आणि डॅनियल्सचे ३,५६८. म्हणजे फेकीत दोघांमध्ये फरक अवघा २७ यार्डांचा, फँटसीच्या हिशेबात जेमतेम एका गुणाचा. तरीही नेहमीच्या गुणपद्धतीने मोजलं तर डॅनियल्सचे साधारण ३५० गुण भरतात आणि विल्यम्सचे २५८. मधले ९१-९२ गुण आले कुठून, हे शोधायला गेलं की नवोदित क्वार्टरबॅक कसा निवडावा याचं उत्तर हाती लागतं. माझं म्हणणं असं आहे: ज्यांची संघातली जागा पक्की आहे, त्यांच्यातून जो पळतो तो घ्यावा. हाताची ताकद, कॉलेजातली कीर्ती, कितव्या क्रमांकावर निवड झाली, या सगळ्याचा विचार त्यानंतर करावा.

आपल्याकडे फँटसी खेळ म्हटलं की ड्रीम इलेव्हन आठवतं. तिथे एका सामन्यापुरता संघ जुळवायचा आणि विराट कोहली एकाच वेळी लाखो लोकांच्या संघात असायचा. (पैसे लावून खेळायचा तो प्रकार २०२५च्या ऑगस्टमधल्या कायद्याने भारतात बंद झाला.) अमेरिकेतली जुनी रीत वेगळी आहे. १९६२ साली ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी काही सोबत्यांबरोबर या खेळाचे नियम बसवले आणि पुढच्या वर्षी पहिली निवड झाली. दहा-बारा जण एक लीग करतात, ऑगस्टच्या अखेरीस एकत्र बसून पाळीपाळीने खेळाडू निवडतात आणि एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्या कुणाला मिळत नाही. मग सप्टेंबरपासून दर आठवड्याला त्या खेळाडूंच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळत राहतात. या निवडीलाही ड्राफ्ट म्हणतात आणि एप्रिलमध्ये एनएफएलचे ३२ संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यालाही ड्राफ्टच म्हणतात. न्यू जर्सीत किंवा डॅलसला नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला ऑफिसातल्या लीगचं बोलावणं येतं ते पहिल्या प्रकाराचं, आणि दोन्ही ड्राफ्ट एकच समजण्यात त्याची पहिली गफलत होते. एनएफएलच्या संघाला पुढची दहा वर्षं सामने जिंकून देणारा माणूस हवा असतो. फँटसीवाल्याला यंदाचे गुण हवे असतात.

गुणांचा हिशेब साधा आहे. क्वार्टरबॅक म्हणजे संघाच्या चढाईचा सूत्रधार. चेंडू आधी त्याच्या हातात येतो. मग तो पुढे फेकायचा, साथीदाराच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे तिथल्या तिथे ठरतं. बहुतेक लीगमध्ये फेकीच्या २५ यार्डांना एक गुण मिळतो आणि फेकीतून झालेल्या टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे पोहोचवण्याला, चार. चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला तर दोन गुण कापले जातात. पण तोच क्वार्टरबॅक चेंडू घेऊन पळाला तर दर १० यार्डांना एक गुण आणि टचडाउनला सहा. पळून काढलेला एक यार्ड फेकलेल्या अडीच यार्डांच्या तोलाचा ठरतो. प्रत्यक्ष सामन्यात यार्ड तो यार्डच. ही तफावत फक्त फँटसीच्या नियमांनी निर्माण केली आहे. क्रिकेटमध्ये फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्हींतून गुण आणणारा अष्टपैलू जसा फँटसी संघात हवाहवासा असतो, तसाच हा पळणारा क्वार्टरबॅक.

आता डॅनियल्स आणि विल्यम्सचे आकडे उलगडून पाहू. डॅनियल्सने २५ टचडाउन फेकले, विल्यम्सने २०. इथे २० गुणांचा फायदा. डॅनियल्सच्या नऊ फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या, विल्यम्सच्या सहा. इथे सहा गुणांचा तोटा. राहिलेलं सगळं पायांचं आहे. डॅनियल्स ८९१ यार्ड पळाला, आणि पदार्पणाच्या मोसमात इतकं कुठलाच क्वार्टरबॅक आजवर पळालेला नाही. विल्यम्सही काही कमी पळाला नाही, त्याचे ४८९ यार्ड झाले. पण त्यातून त्याचा एकही टचडाउन झाला नाही आणि डॅनियल्सचे सहा झाले. यार्डांचे ४० आणि टचडाउनचे ३६ धरले, तर ९१ गुणांच्या फरकातले ७६ एकट्या पायांनी आणले. उरलेल्या १५ गुणांसाठी दोघांच्या हातांची तुलना करत बसायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एका वर्षावरून नियम बांधू नये, हे खरं. म्हणून २०१२कडे पाहू. त्या वर्षी अँड्र्यू लक पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि रॉबर्ट ग्रिफिन (तिसरा) दुसऱ्या. लकने ४,३७४ यार्ड फेकले. नवोदिताचा हा विक्रम ठरला. ग्रिफिनने फेकले ३,२००. हजारावर यार्ड मागे, म्हणजे ४७ गुणांची पिछाडी. पण ग्रिफिन ८१५ यार्ड पळाला आणि लक २५५, त्यामुळे एवढ्या एकाच खात्यात ग्रिफिनने ५६ गुण मिळवून ती पिछाडी भरून काढली. वर लकच्या १८ फेकी प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेल्या आणि ग्रिफिनच्या फक्त पाच. बेरीज लक २८६, ग्रिफिन ३२१, तीही एक सामना कमी खेळून. त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत, ७५व्या क्रमांकावर गेलेला रसेल विल्सन २८१ गुणांपर्यंत पोहोचला, म्हणजे विक्रमवीर लकच्या अगदी खांद्याला खांदा लावून. त्याने लकपेक्षा साडेबाराशे यार्ड कमी फेकले होते. पळण्याने ती उणीव काही अंशी भरून निघाली. मला याहूनही बोलका वाटतो तो २०१८चा जॉश ॲलन. त्याच्या शंभरातल्या जेमतेम ५३ फेकी साथीदारापर्यंत पोहोचत होत्या, त्याने टचडाउन फेकले दहा आणि प्रतिस्पर्ध्यांना दिलेल्या फेकी बारा. फेकणारा म्हणून हा मोसम निखळ वाईट. त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या बेकर मेफील्डने २७ टचडाउन फेकून नवोदितांचा तेव्हाचा विक्रम केला. आणि तरी दर सामन्याची सरासरी काढली तर दोघेही साडेसतरा गुणांच्या आसपास येतात, कारण ॲलन बारा सामन्यांत ६३१ यार्ड पळाला आणि पळून त्याने आठ टचडाउन केले.

यावर लगेच सी. जे. स्ट्राउडचं नाव पुढे येईल. २०२३मध्ये तो १६७ यार्डच पळाला, पण ४,१०८ यार्ड फेकून आणि फक्त पाच फेकी गमावून पंधरा सामन्यांत सुमारे २८० गुण घेऊन गेला. जस्टिन हर्बर्टने २०२०मध्ये ३१ टचडाउन फेकले, तोही नवोदितांचा विक्रम. मग हातावर जगणारे नवोदित नसतात असं कसं म्हणायचं? तसं मी म्हणत नाहीच. ते असतात, पण त्यांना ऑगस्टमध्ये ओळखता येत नाही. स्ट्राउडच्या आधी, पहिल्या क्रमांकावर ब्राइस यंगला निवडलं होतं; तो ११ टचडाउन फेकू शकला आणि त्याच्या कॅरोलिना पँथर्सने सतरातले दोनच सामने जिंकले. हर्बर्टच्या आधी दोन क्वार्टरबॅक गेले होते. २०२१मध्ये ट्रेव्हर लॉरेन्सविषयी क्वचितच कुणाच्या मनात शंका होती. त्याचे टचडाउन बारा आणि गमावलेल्या फेकी सतरा. वर्षभर कॉलेजचे सामने पाहणाऱ्या, प्रत्येकाची मुलाखत घेणाऱ्या व्यावसायिक संघांना जे जमत नाही, ते ऑफिस सुटल्यावर यादी चाळणाऱ्याला जमेल असं मानायला आधार नाही.

पाय मात्र पाळण्यातच दिसतात. डॅनियल्स कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, २०२३मध्ये, लुइझियाना स्टेटकडून १,१३४ यार्ड पळाला होता. हा आकडा दिसतो त्याहून मोठा आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच मागे पाडलं, म्हणजे सॅक झाला, की गमावलेले यार्ड त्याच्या पळण्यातून वजा करतात. एनएफएलमध्ये पळण्याच्या खात्याला हात लावत नाहीत. म्हणजे ती वजाबाकी होऊनही त्याचे अकराशेच्या वर उरले होते. कॉलेजचे आकडे चाळणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कॉलेजमध्ये पन्नास-शंभर यार्डच दाखवणारा क्वार्टरबॅकही प्रत्यक्षात बराच पळणारा असू शकतो. कॅम न्यूटनही ऑबर्नहून असाच पळत आला आणि २०११मध्ये पळून चौदा टचडाउन करून गेला. नव्या पातळीवर बचावाचे डावपेच वाचायला वेळ लागतो, फेकीचं गणित बसायला वेळ लागतो. पळायला तेवढा लागत नाही. उलट, गोंधळलेला नवोदित फेकायला कुणी मोकळा दिसला नाही की चेंडू घेऊन पळतो, आणि फँटसीवाल्याला त्याचेही गुण मिळतात.

दुसरा आक्षेप असा की माणसापेक्षा संघ बघावा. चांगले झेलणारे, चांगला प्रशिक्षक असेल तर नवोदित आपोआप चमकतो. तत्त्वतः बरोबर. पण विल्यम्सच्या बाबतीत सगळे हेच सांगत होते. डी. जे. मूर, कीनन ॲलन, रोम ओडुन्झे, पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या क्वार्टरबॅकला इतके चांगले साथीदार क्वचित लाभतात. प्रत्यक्षात तो ६८ वेळा सॅक झाला, मोसमाच्या मध्येच चढाईचा प्रशिक्षक गेला आणि थोड्याच दिवसांत मुख्य प्रशिक्षकही. उलट डॅनियल्सचा संघ आदल्या वर्षी सतरात तेरा सामने हरला होता. परिस्थिती वाचणं हे हात वाचण्याइतकंच अवघड आहे.

तिसरा आक्षेप दुखापतींचा, आणि तो झटकून टाकता येत नाही. ग्रिफिनचा गुडघा त्याच मोसमाच्या शेवटी, जानेवारी २०१३मध्ये, सिएटलविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात गेला आणि पहिल्या वर्षाचा ग्रिफिन पुन्हा कधी दिसला नाही. ॲंथनी रिचर्डसन २०२३मध्ये चार सामने खेळून खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी गेला. डॅनियल्सलाही दुसऱ्या मोसमात दुखापतींमुळे बऱ्याच सामन्यांना मुकावं लागलं. माणूस म्हणून हे पाहताना वाईट वाटतं. निवडीच्या हिशेबात मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. न पळणारेही वाचत नाहीत. जो बरोचा गुडघा पहिल्याच वर्षी, दहाव्या सामन्यात, चेंडू फेकताना गेला. आणि फँटसीत जखमी क्वार्टरबॅकच्या जागी दुसरा लगेच घेता येतो. रिचर्डसनने त्या चार सामन्यांत, त्यातले काही अर्धवट सोडूनही, सरासरी साडेसतरापेक्षा थोडे अधिक गुण दिले. उरलेले आठवडे कुणी न निवडलेल्या एखाद्या साध्या क्वार्टरबॅकवर काढता येतात. ज्यांना दर मोसमाला संघ नव्याने बांधायचा आहे, त्यांनी हा धोका पत्करावा.

माझ्या नियमाला खरी अडचण आहे ती बाकावर बसवलेल्यांची, म्हणून जागेची अट मी आधी घातली. २०२१मध्ये ट्रे लान्स तिसऱ्या क्रमांकावर गेला. पळणारा होता, पण सॅन फ्रान्सिस्कोकडे जिमी गॅरोपोलो होता आणि लान्सला सुरुवातीपासून खेळायला मिळाले दोनच सामने. लामार जॅक्सनही २०१८मध्ये नोव्हेंबरपर्यंत जो फ्लॅकोच्या मागे बसून होता. बसलेल्या पायांना गुण नसतात. २०२४मध्ये पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक गेले. त्यांतला मायकल पेनिक्स कर्क कझिन्सच्या मागे बसला आणि शेवटचे तीनच सामने सुरुवातीपासून खेळला. जे. जे. मॅकार्थीचा गुडघा सराव सामन्याच्या सुमारास गेला. आणि सहांत शेवटचा, बाराव्या क्रमांकाचा बो निक्स, याला डेन्व्हरने ऑगस्टमध्येच पहिली पसंती जाहीर केली. तो ४३० यार्ड पळाला आणि त्याचे तीनशेच्या वर गुण झाले. विल्यम्सपेक्षा तब्बल ५०हून जास्त.

लीग कोणत्या प्रकारची आहे यावरही बरंच अवलंबून असतं. खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच ठेवता येतात अशा लीगमध्ये हात आणि धीर यांची किंमत वाढते. पॅट्रिक माहोम्स पहिल्या वर्षी एकच सामना सुरुवातीपासून खेळला आणि दुसऱ्या वर्षी ५० टचडाउन फेकून गेला. फेकीच्या टचडाउनला सहा गुण देणाऱ्या लीगमध्ये पायांचा फायदा थोडा घटतो, पण संपत नाही. त्या पद्धतीनेही ग्रिफिन लकच्या पुढेच राहतो. बारा जणांच्या साध्या लीगमध्ये मात्र दर आठवड्याला एकच क्वार्टरबॅक खेळवायचा असतो, अनुभवी क्वार्टरबॅक भरपूर उरतात आणि म्हणून नवोदितावर वरच्या फेरीतली निवड खर्च करू नये. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत, पहिल्या सामन्यापासून खेळणार हे जाहीर झालेला आणि कॉलेजात सर्वांत जास्त पळालेला नवोदित उचलावा. चौथ्या आठवड्यापर्यंत तो सामन्याला तीस-चाळीस यार्डही पळताना दिसला नाही, तर कितीही वरच्या क्रमांकावर निवडलेला असो, त्याला सोडून द्यावं.