हृदय सावरले, आता विचारशक्तीकडे लक्ष हवे

जन्मणाऱ्या सुमारे शंभर बालकांपैकी एकाच्या हृदयात दोष असतो; त्यांतील काहींना पहिल्याच वर्षी शस्त्रक्रिया लागते. छातीवरील व्रण भरला की आईवडील सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु तेच मूल पुढे शाळेत 'हट्टी' वा 'धांदरट' ठरते, तेव्हा त्याचा संबंध हृदयाशी असेल हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

गंभीर दोषात गर्भावस्थेतच मेंदूला प्राणवायू कमी मिळू शकतो व त्याची वाढ मंदावते. पुढे शस्त्रक्रियेचा व रुग्णालयातील दीर्घ वास्तव्याचा भार पडतो. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल घेऊन जन्मलेल्या बालकांचा एक अभ्यास बोस्टन येथे १९८८ साली सुरू झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक सर्वसाधारण कक्षेत होता. तरीही नियोजन व लक्ष यांत अनेकजण मागे आढळले.

सांगितलेले मनात धरणे, मनाला आवर घालणे आणि नियम बदलताच स्वतः बदलणे, या तीन क्षमता तीन ते पाच वर्षांच्या वयात झपाट्याने वाढतात. म्हणून सराव तेव्हाच सुरू व्हावा. संगणकावरील सरावाने त्या सरावापुरती प्रगती दिसते. ती रोजच्या वागण्यात कितपत उतरते, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. आम्हांस घरातील खेळच अधिक जवळचे वाटतात. 'चिमणी भुर्र, कावळा भुर्र' म्हणताना 'म्हैस भुर्र' आले की उचललेले बोट रोखणे हा आवर घालण्याचाच धडा. बटणे आधी रंगाप्रमाणे व मग आकाराप्रमाणे लावणे, स्वयंपाकघरातून तीन वस्तू लक्षात ठेवून आणणे, हेही त्यातलेच. 'तळ्यात-मळ्यात' मात्र डॉक्टरांना विचारून. उड्या नकोत म्हटले तर हाताने खेळावे. (ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे अंगणात बालशिक्षण नेले, तेही महागड्या साधनांवाचूनच.)

माधवनगर परिसरातील पालकांनी अशा मुलाला जपण्यापोटी अंगणवाडीपासून दूर ठेवू नये. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी होते. तीत हृदयदोषाबरोबर विकासातील विलंबही पाहिला जातो आणि गरजू बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. तपासणीच्या दिवशी शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत न्यावीत, आणि शाळाप्रवेशाच्या वेळी बाईंना त्या शस्त्रक्रियेविषयी आवर्जून सांगावे.