पदवीधरांची वेगळी मतदारयादी

विधानसभेच्या यादीत नाव असले की पदवीधर मतदारसंघातही आपोआप येते, हा सुशिक्षितांचा लाडका गैरसमज. महाराष्ट्राच्या विधान परिषदेतील ७८ पैकी ७ जागा पदवीधर निवडून देतात, आणि त्यांची यादी स्वतंत्र असते. शिवाय दर निवडणुकीला ती कोरी पाटी घेऊन नव्याने बनते. मागच्या खेपेला मत दिलेल्यालाही पुन्हा नमुना १८ चा अर्ज भरावा लागतो.

अट साधी आहे. तुम्ही त्या मतदारसंघाचे रहिवासी हवेत आणि १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली हवीत. अर्जासोबत पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत जोडायची.

खरी गंमत मतदान केंद्रात. इथे यंत्र नाही, मतपत्रिका असते. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केच पेनानेच पसंतीच्या उमेदवारापुढे १ लिहायचे; पुढे हवे तर २, ३. पहिली पसंती नसेल तर मत बाद. ‘एक’ असे अक्षरांत लिहिले, बरोबरची खूण केली, झोकात सही ठोकली, तरीही बाद! परीक्षा देऊन आलेल्यांची ही अवस्था.

जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. पहिल्या फेरीत ती कुणालाच मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार इतरांकडे जातात. फक्त १ लिहून थांबलेल्यांची मते मात्र तिथेच संपतात.