तांब्याचा पत्रा आणि लोखंडी खिळा

धम्मपदाच्या मलवग्गातील लोखंडाच्या गंजाचा दृष्टान्त आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. तेथे तो मनाच्या मलासंबंधी आला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र गंज युद्धनौकांच्या तळाशीही भेटतो.

अठराव्या शतकातील जहाजे लाकडी होती. उष्ण समुद्रातील कृमी त्यांच्या तळाची चाळण करीत. शेवाळ व शिंपले चिकटल्याने वेग मंदावे. उपाय म्हणून ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या ३२ तोफांच्या युद्धनौकेच्या तळावर तांब्याचे पातळ पत्रे ठोकले. नौका वेस्ट इंडीजच्या समुद्रातून परतली तेव्हा अनेक ठिकाणी पत्रे सुटलेले आढळले. तांबे शाबूत होते. त्याला धरून ठेवणारे लोखंडी खिळे कुजले होते. नवल असे, की काही खिळे बरेचसे सुस्थितीत होते. बारकाईने पाहता उलगडा झाला. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कामगारांनी काढलाच नव्हता. जेथे तो कागद तांबे व लोखंड यांच्यामध्ये टिकून राहिला, तेथे खिळा वाचला! समुद्राच्या पाण्यात या दोन धातूंचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, असा निष्कर्ष १७६३ च्या अहवालात नोंदवला गेला. व्होल्टाचा विद्युतघट १८०० सालचा. म्हणजे शास्त्रीय उपपत्ती हाती नसताना केवळ डोळस निरीक्षणाने कार्यकारणभाव पकडला गेला होता.

ती उपपत्ती अशी : खाऱ्या पाण्यात परस्परांना टेकलेले दोन भिन्न धातू मिळून एक विद्युतघटच तयार होतो. त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजतो व दुसरा सुरक्षित राहतो. मिठाच्या पाण्यात दोन साधे लोखंडी खिळे ठेवावेत, एकाभोवती तांब्याची उघडी तार गुंडाळावी. काही दिवसांत फरक दिसू लागतो. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही याने हाच नियम उलट वापरला. तांब्याला जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडताच तांब्याची झीज थांबली. परंतु तळावर पुन्हा शिंपले वाढू लागले, कारण तांब्याचे विरघळणेच त्यांना दूर ठेवीत होते. आज पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताच्या वड्या बसवतात, त्या याच तत्त्वावर.

१७६३ च्या अहवालाचे पुढे काय झाले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, १७७९ नंतर, ब्रिटिशांनी अल्पावधीत जवळजवळ सारे आरमार तांब्याने मढवले. सांगाडा जोडणारे लोखंडी बोल्ट मात्र तसेच ठेवले आणि मध्ये जाड कागद घालून भागवले. हे बोल्ट लाकडात दडलेले असल्याने त्यांची झीज वरून दिसत नसे. अखेर १७८० च्या दशकात आरमाराला बोल्टही तांब्याच्या मिश्रधातूचे बसवण्याचा निर्णय घ्यावा लागला. याला अज्ञान म्हणता येणार नाही. माहिती दप्तरात होती. बांधणीचा आराखडा करणाऱ्यांनी तिला वेळीच स्थान दिले नाही.

आपल्या काळातही हेच घडले. २०१० मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झालेल्या ‘इंडिपेंडन्स’ या युद्धनौकेचे कवच ॲल्युमिनियमचे, तर पाण्याचा झोत फेकणाऱ्या तिच्या प्रणोदन यंत्रणेत पोलाद होते. विद्युत-रासायनिक संरक्षणाची पुरेशी व्यवस्था मूळ रचनेत नव्हती. पुढच्याच वर्षी त्या भागातील ॲल्युमिनियम झपाट्याने झिजत असल्याचे उघड झाले. ‘अलार्म’च्या अहवालाला तेव्हा २४८ वर्षे झाली होती. त्या मालिकेतील पुढच्या नौकांसाठी ही व्यवस्था बांधणीच्या वेळीच करण्यात आली.