रिकामी जागा कोणाची?

कॉक्लियर इम्प्लांट बसवलं की ऐकू येणारच, असं आपण धरून चालतो. पण अंतर्कर्णातल्या सुमारे ३५०० केसपेशींचं काम तिथे १२ ते २२ इलेक्ट्रोड करतात; एवढ्याशा संकेतांतून बोलणं ओळखायला मेंदूलाच शिकावं लागतं.

२००१ साली दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी भाषा येण्यापूर्वीच बहिरेपण आलेल्या मुलांच्या मेंदूची शस्त्रक्रियेआधीची पीईटी-चित्रं तपासली. ज्यांच्या श्रवणकेंद्राचा मोठा भाग ग्लुकोज कमी वापरत होता, म्हणजे सुस्त होता, तीच मुलं पुढे अधिक चांगलं ऐकू लागली! आम्हालाही हे प्रथम उलटंच वाटलं. पण सुस्त भाग म्हणजे अजून मोकळी जागा. वय वाढतं तशी पाहण्यासारखी इतर कामं तिथे मुक्काम ठोकतात. जन्मतः बहिऱ्या मुलात साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालं, तर श्रवणकेंद्राचा प्रतिसाद बहुधा वयाला साजेसा होतो. सात वर्षांनंतर क्वचितच.