डॉट नेट रिफ्लेक्टर

डॉट नेट रिफ्लेक्टर हे मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या व्यासपीठावर तयार झालेल्या सॉफ्टवेअरच्या अंतरंगाचे वाचन करण्यासाठी वापरले जाणारे संगणकीय साधन आहे. लुट्झ रोएडर यांनी ते निर्माण केले आणि अनेक वर्षे विनामूल्य उपलब्ध ठेवले. २००८ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथील रेड गेट या कंपनीने ते आपल्याकडे घेतले. २०११ साली कंपनीने त्यासाठी शुल्क आकारण्याचा निर्णय जाहीर केला. त्यावर प्रोग्रामर वर्गातून तीव्र नाराजी व्यक्त झाली आणि कंपनीला निर्णयाचा काही भाग मागे घ्यावा लागला. विनामूल्य सॉफ्टवेअर आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर यांतील भेद समजून घेण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त ठरते.

स्वरूप व कार्य

प्रोग्रामर जी आज्ञावली लिहितो, तिला सोर्स कोड म्हणजेच मूळ संहिता म्हणतात. ही संहिता माणसाला वाचता येते, परंतु संगणकाला ती थेट समजत नाही. म्हणून कंपायलर नावाचे सॉफ्टवेअर तिचे संगणकाला उमजेल अशा रूपात भाषांतर करते. बहुतेक सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती पडते ते या भाषांतरित रूपातच.

डॉट नेटमध्ये हे भाषांतर दोन टप्प्यांत होते. सी शार्प किंवा व्हिज्युअल बेसिक डॉट नेट या भाषांत लिहिलेल्या संहितेचे प्रथम एका मध्यवर्ती भाषेत रूपांतर केले जाते. पुढे प्रत्यक्ष वापराच्या वेळी तिचे यंत्रभाषेत रूपांतर होते. मध्यवर्ती भाषेतील फाइलमध्ये केवळ सूचना नसतात. आज्ञावलीतील घटकांची नावे, त्यांचे प्रकार आणि परस्परसंबंध यांची तपशीलवार नोंदही तिच्यात जपलेली असते. या नोंदीच्या आधारे उलट दिशेने प्रवास करून मूळ संहितेशी बरेच साम्य असलेली संहिता पुन्हा उभी करता येते. या क्रियेला डीकंपायलिंग म्हणतात आणि रिफ्लेक्टरचे मुख्य काम हेच आहे.

अशा रीतीने मिळालेली संहिता मूळ संहितेची तंतोतंत प्रत नसते. प्रोग्रामरने स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेली टिपणे भाषांतरातच गळून पडतात. तात्पुरत्या चलांची मूळ नावेही बहुधा उरत नाहीत, त्यामुळे साधनाला ती नव्याने द्यावी लागतात. तरीही आज्ञावलीचा तर्क स्पष्टपणे वाचता येतो.

उपयोग

दुसऱ्याने लिहिलेला एखादा घटक आपल्या सॉफ्टवेअरमध्ये वापरताना तो अपेक्षेप्रमाणे का चालत नाही, हे त्याच्या माहितीपुस्तिकेतून नेहमीच कळत नाही. अशा वेळी त्या घटकाचे अंतरंग पाहणे हा खात्रीचा उपाय ठरतो. कार्यालयातील जुनी प्रणाली चालू आहे, पण तिची मूळ संहिता हरवली आहे किंवा ती लिहिणारा सोडून गेला आहे, अशा प्रसंगीही रिफ्लेक्टरचा आधार घेतला जाई. डॉट नेट शिकणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने लिहिलेल्या घटकांची रचना अभ्यासण्याचे ते एक साधन होते.

या क्षमतेची दुसरी बाजूही आहे. परवान्याच्या अटींचा भंग करून दुसऱ्याची संहिता उचलण्यासाठीही अशा साधनाचा वापर होऊ शकतो. त्यामुळे काही कंपन्या आपल्या सॉफ्टवेअरमधील नावे मुद्दाम निरर्थक करून टाकतात, जेणेकरून परत मिळवलेली संहिता वाचणे अवघड जावे.

हस्तांतरण

ऑगस्ट २००८ मध्ये रेड गेटने रिफ्लेक्टरची जबाबदारी घेतली. डेटाबेस हाताळणाऱ्यांसाठी साधने बनवणारी कंपनी म्हणून ती आधीपासून परिचित होती. विनामूल्य आवृत्ती यापुढेही उपलब्ध राहील, असे आश्वासन कंपनीने त्या वेळी दिले. पुढे सहाव्या आवृत्तीबरोबर अधिक सोयी असलेली एक सशुल्क आवृत्तीही तिने बाजारात आणली. विनामूल्य आवृत्ती वापरणाऱ्यांपैकी काही जण सशुल्क आवृत्तीकडे वळतील आणि त्या उत्पन्नातून साधनाच्या विकासाचा खर्च भागेल, अशी अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही.

शुल्क आकारणीचा निर्णय

२ फेब्रुवारी २०११ रोजी कंपनीने जाहीर केले की, सातव्या आवृत्तीपासून रिफ्लेक्टर विनामूल्य मिळणार नाही. तिची किमान किंमत ३५ डॉलर ठेवण्यात आली. मार्च २०११ मध्ये ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. विनामूल्य पद्धतीने साधनाचा खर्च भागवणे जमले नाही, अशी कबुली कंपनीने दिली.

व्यावसायिक प्रोग्रामरच्या दृष्टीने ही रक्कम मोठी नव्हती. रोष मुख्यतः दोन गोष्टींबद्दल होता. पहिली म्हणजे २००८ मधील आश्वासन मोडले गेले. दुसरी गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी होती. विनामूल्य आवृत्तीत मुदत संपण्याची सोय अंतर्भूत होती. ठरावीक काळानंतर ती नवी आवृत्ती घेण्यास भाग पाडत असे. नवी आवृत्ती विनामूल्य असेपर्यंत कोणाला याची अडचण वाटली नव्हती. परंतु आता सहावी आवृत्ती मे २०११ अखेर बंद पडणार होती आणि पुढची विकतच घ्यावी लागणार होती. म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावर असलेले साधनही त्याच्या हातून जाणार होते.

२६ एप्रिल २०११ रोजी कंपनीने निर्णयात बदल केला. आधीपासूनच्या वापरकर्त्यांसाठी सहावी आवृत्ती मुदतीच्या अटीविना विनामूल्य ठेवण्यात आली; नव्या वापरकर्त्यांना मात्र सातवी आवृत्ती विकतच घ्यावी लागली.

पर्यायी साधने

शुल्काच्या घोषणेनंतर थोड्याच अवधीत पर्याय उभे राहू लागले. शार्पडेव्हलप या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या चमूने फेब्रुवारी २०११ मध्येच आयएलस्पाय या साधनाचे काम हाती घेतले आणि त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली ठेवली. जेटब्रेन्स या कंपनीने डॉटपीक, तर टेलेरिकने जस्टडीकंपाइल हे साधन विनामूल्य दिले. यांपैकी आयएलस्पायचा प्रभाव दूरगामी ठरला. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ मध्ये डीकंपायलिंगची जी सोय आली, तिच्यासाठी आयएलस्पायचाच गाभा वापरण्यात आला.

दरम्यान, २०१४ साली मायक्रोसॉफ्टने डॉट नेट कोअर मुक्तस्रोत करण्याची घोषणा केली. त्यामुळे जे घटक वाचण्यासाठी पूर्वी रिफ्लेक्टर लागत असे, त्यांपैकी अनेकांची मूळ संहिता टिपणांसह थेट पाहता येऊ लागली.

विनामूल्य आणि मुक्तस्रोत

रिफ्लेक्टर विनामूल्य होते, परंतु मुक्तस्रोत नव्हते. इतरांच्या सॉफ्टवेअरचे अंतरंग उलगडून दाखवणाऱ्या या साधनाची स्वतःची मूळ संहिता मात्र खुली नव्हती. विनामूल्य असणे म्हणजे किंमत शून्य असणे; ती किंमत ठरवण्याचा आणि बदलण्याचा हक्क मालकाकडेच राहतो. मुक्तस्रोत परवान्यात संहिता पाहण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क वापरकर्त्यालाही मिळतो. अशा सॉफ्टवेअरच्या मालकाने पुढील आवृत्तीला शुल्क लावले, तरी आधीची संहिता घेऊन इतरांना स्वतंत्रपणे काम चालू ठेवता येते. रिफ्लेक्टरच्या बाबतीत हा मार्ग उपलब्ध नसल्यामुळे आयएलस्पायची उभारणी पायापासून करावी लागली.

त्याचबरोबर, साधन सांभाळण्यासाठी वेळ आणि पैसा लागतो, ही कंपनीची बाजूही नाकारता येत नाही. डॉट नेटची भाषा बदलत गेली की डीकंपायलरलाही नवी रचना ओळखायला शिकवावे लागते. हा खर्च कोणी आणि कसा उचलावा, हा प्रश्न मुक्तस्रोत प्रकल्पांसमोरही उभा असतो.

हेही पाहा

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर
कंपायलर
सी शार्प
सॉफ्टवेअर परवाना