मधल्या माणसाचे गणित

मुंबईहून येणाऱ्या पैशाची सवय कोकणातील घरांना जुनी आहे. चाकरमान्याने मनीऑर्डर धाडायची आणि पोस्टमनने ती दारात आणून द्यायची, यावर कित्येक घरांच्या चुली पेटत असत. ही सेवा अर्थातच फुकट नव्हती. अनेक वर्षे मनीऑर्डरीचा दर वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे शेकडा पाच असा होता. माल उलट दिशेने जायचा असेल तर व्ही. पी. होती. गिऱ्हाइकाने पैसे मोजले तरच पोस्टमन पार्सल त्याच्या हाती देणार आणि ती रक्कम मनीऑर्डरीने विक्रेत्याकडे येणार. विक्रेता आणि गिऱ्हाईक एकमेकांना ओळखत नसले तरी चालत असे. दोघांचा विश्वास मधल्या माणसावर होता.

आता कणकवलीच्या बाजारपेठेतील एखाद्या दुकानदाराने कोकम आगळ, काजूगर, फणसपोळी असा माल आंतरजालावरून विकायचे ठरवले, असे समजा. गिऱ्हाईक ठाण्याचे किंवा पुण्याचे. त्याचे पैसे आणून देणारा मधला माणूस कोण? अशी सेवा देणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत आणि प्रत्येकीचे दरपत्रक निराळे. त्यातून निवड कशी करावी हा प्रश्न व्यापाराचा वाटतो, पण त्यात शाळेतले गणित आणि थोडे विज्ञान पुष्कळ आहे.

प्रथम पैशाचा प्रवास पाहू. गिऱ्हाईक कार्डाने पैसे देते तेव्हा कार्डाची माहिती मध्यस्थाच्या पानावर भरली जाते. तेथून ती दुकानदाराच्या बाजूच्या बँकेकडे, मग कार्डाच्या जाळ्यातून गिऱ्हाइकाच्या बँकेकडे जाते. ती बँक खात्री करून 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर पाठवते. हे सारे काही सेकंदांत होते. मात्र या क्षणी फक्त निरोप फिरलेला असतो, पैसे दुकानदाराच्या खात्यात आलेले नसतात. ते मागाहून, सामान्यतः एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी येतात.

निरोप नेणारी यंत्रणा म्हणजे 'गेटवे'. पैसे आधी स्वतःकडे गोळा करून मग दुकानदारांना वाटणारा तो 'संकलक'. बोलताना या दोन शब्दांची सरमिसळ होते, पण फरक महत्त्वाचा आहे. संकलकाकडे दुकानदाराचे पैसे काही काळ पडून असतात. तो बुडाला तर काय? यासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये नियम घालून दिले. संकलकाने हा पैसा स्वतःच्या पैशात न मिसळता बँकेतील वेगळ्या राखीव खात्यात ठेवायचा असतो. परवाना मिळालेल्या संकलकांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. दर पाहण्याआधी त्या यादीत नाव आहे का ते पाहावे. नसेल तर दर कितीही कमी असला तरी पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दराकडे वळू. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. 'अ' कंपनी प्रत्येक विक्रीवर शेकडा २ घेते. 'ब' कंपनी वर्षाला ३,००० रुपये आणि शिवाय शेकडा दीड घेते. वर्षाची विक्री क्ष रुपये धरली तर 'अ'चा खर्च ०.०२क्ष आणि 'ब'चा ३००० + ०.०१५क्ष. हे दोन खर्च समान केव्हा होतील? क्ष = ६,००,००० असताना. सहा लाखांखाली 'अ' स्वस्त, वर 'ब'. दोन चलांतील रेषीय समीकरणे शिकवताना आलेखावर या दोन रेषा काढून पाहाव्यात. मुलांना छेदनबिंदूचा अर्थ विचारला की रेल्वेगाड्या आणि नळ-हौद यांपेक्षा जिवंत चर्चा होते, असा माझा अनुभव आहे.

तिसरी 'क' कंपनी शेकडा २ आणि दर व्यवहारामागे ३ रुपये मागते. तीन रुपये म्हणजे काहीच नाही, असे वाटते खरे. पण १२० रुपयांच्या सरबताच्या बाटलीवर शुल्क होते ५ रुपये ४० पैसे, म्हणजे शेकडा साडेचार. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ६ रुपये ३७ पैसे. त्या बाटलीमागे दुकानदाराला १५ रुपये सुटत असतील तर चाळीस टक्क्यांहून अधिक नफा मध्यस्थच घेऊन गेला! हीच कंपनी २,४०० रुपयांच्या काजूच्या पेटीवर जेमतेम २.१ टक्के घेते. म्हणून दर चांगला की वाईट हे केवळ दरपत्रकावरून सांगता येत नाही. आपले सरासरी बिल किती, हे आधी माहीत हवे. महिनाभराची बिले घेऊन बसावे आणि प्रत्यक्ष आकडेमोड करावी.

पैसे देण्याचा प्रकारही पाहावा लागतो. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने २०१६ मध्ये यूपीआय सुरू केली. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून घ्यायची सवलत-कपात शून्य आहे. तरीही काही संकलक आपल्या पानाच्या वापराबद्दल यूपीआयवरही शुल्क लावतात, तेव्हा करारात हे कलम शोधून वाचावे. महिन्याला वीस-पंचवीस पार्सले पाठवणाऱ्याला तर संकलक लागतच नाही. बँकेकडून मिळालेला क्यूआर गिऱ्हाइकाला पाठवला की भागते. अडचण येते ती व्याप वाढल्यावर: सकाळी खात्यात ८५० रुपये तीनदा जमा झालेले दिसतात, पण ते कोणाकोणाचे?

शुल्काइतकाच, किंबहुना जास्तच, विलंब महत्त्वाचा आहे. लांब नळातून पाणी वाहत असते तेव्हा नळात अडकलेले पाणी म्हणजे प्रवाह गुणिले प्रवासाचा वेळ. पैशाचेही तसेच. रोज १०,००० रुपयांची विक्री आणि दोन दिवसांचा विलंब असेल तर २०,००० रुपये कायम वाटेतच असतात. आंब्याच्या हंगामात विक्री रोज ४०,००० वर गेली आणि मध्ये सुट्टी येऊन विलंब तीन दिवसांचा झाला, की १,२०,००० रुपये नळात अडकतात. बागायतदार मात्र रोख मागतो. त्या पंधरवड्यात अर्धा टक्का कमी घेणाऱ्यापेक्षा एक दिवस आधी पैसे देणारा मध्यस्थ अधिक उपयोगी पडतो.

आता विज्ञानाचा भाग. 'पैसे मिळाले' हा निरोप दुकानदाराच्या संगणकाकडे येतो तो खरा कशावरून? गिऱ्हाइकाने पाठवलेले पडद्याचे छायाचित्र हा पुरावा नव्हे. ते कोणीही बनवू शकते. म्हणून मध्यस्थ आणि दुकानदार यांच्यात एक गुप्त संख्या ठरलेली असते आणि मध्यस्थ प्रत्येक निरोपासोबत तिच्यापासून काढलेला एक ठसा पाठवतो. वर्गात हे असे दाखवता येईल. मागणी क्रमांक ४१७, रक्कम २,४००, गुप्त संख्या २९. बेरीज २,८१७ ला २९ ने गुणले की ८१,६९३. त्याला ९७ ने भागून उरलेली बाकी १९ हा ठसा. वाटेत कोणी रक्कम २४ ऐवजी २,४०० केली असेल तर? खऱ्या २४ रुपयांचा ठसा ८२ येतो, १९ नव्हे. दुकानदार आपल्या गुप्त संख्येने ठसा पुन्हा काढून पाहतो आणि लबाडी उघडी पडते. ज्याला २९ ठाऊक नाही त्याला ठसा अंदाजानेच लावावा लागेल.

आपला ठसा अर्थात कच्चा आहे. ९७ वेळा प्रयत्न केले की तो कोणालाही सापडेल. शिवाय क्रमांक आणि रक्कम यांची अदलाबदल केली तरी तो बदलत नाही (हा दोष मुलांना स्वतः शोधू द्यावा). प्रत्यक्षात एसएचए-२५६ सारखी रीत वापरतात. तिच्यात संभाव्य ठशांची संख्या २ चा २५६ वा घात, म्हणजे ७८ अंकी आहे. निरोपातला एक अंक बदलला तरी सारा ठसा पालटतो. मध्यस्थ असे ठसे पाठवतो का, आणि आपले संकेतस्थळ बनवणारा ते तपासतो का, हे दोन्ही विचारावे. पावसात वीज गेली आणि दुकानाकडून पोच गेली नाही, तर मध्यस्थ तोच निरोप पुन्हा पाठवतो. तेव्हा मागणी क्रमांक पाहून दुसरा निरोप बाजूला ठेवायची सोय हवी, नाहीतर एका पेटीच्या पैशात दोन पेट्या रवाना होतील.

कार्डाचा क्रमांक दुकानदाराने स्वतःकडे साठवायचा नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून त्याला तशी मुभाच नाही. क्रमांकाऐवजी 'टोकन' नावाची पर्यायी संख्या ठेवली जाते. ती चोराच्या हाती लागली तरी दुसऱ्या दुकानात चालत नाही.

मागे मी मागवलेल्या एका पेटीचे पैसे खात्यातून गेले आणि दुकानाला निरोप पोचलाच नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. नंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. माझे पैसे चौथ्या दिवशी परत आले, पण त्या चार दिवसांत दुकानदाराने माझे पाच दूरध्वनी घेतले. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते, कारण त्याच्या मध्यस्थाकडे बोलायला माणूसच नव्हता.

करार करण्याआधी दुकानदाराने स्वतःच दहा रुपयांची खरेदी करून ती रद्द करावी. पैसे किती दिवसांत परत येतात, कापलेले शुल्क परत मिळते का (बहुधा मिळत नाही), आणि तक्रारीच्या क्रमांकावर कोणी उत्तर देते का, हे त्या दहा रुपयांत कळते.